टाळू शिवल्यानंतर

सप्टेंबर १८१९ मध्ये पॅरिसच्या फिलिबेर रू या शल्यचिकित्सकाने जॉन स्टीफन्सन नावाच्या एका तरुणाची दुभंगलेली मृदू टाळू शिवली. हा तरुण मूळचा माँट्रियलचा, एडिंबरोत वैद्यक शिकत होता. त्याच्या बोलण्यातला दोष ऐकूनच रू यांचे लक्ष त्याच्या टाळूकडे गेले होते. पुढच्याच वर्षी स्टीफन्सनने एडिंबरो विद्यापीठाला एम.डी.साठी लॅटिन भाषेत प्रबंध सादर केला आणि त्याचा विषय होता हीच शस्त्रक्रिया, म्हणजे त्याची स्वतःची टाळू. नंतर तो मायदेशी परतला. तिथे त्याने सहकाऱ्यांसह जी वैद्यकीय शिक्षणसंस्था उभारली, तिच्यातूनच मॅकगिल विद्यापीठाची वैद्यक शाखा निघाली. बर्लिनच्या फोन ग्रेफे यांनी अशी शस्त्रक्रिया रू यांच्या दोन-तीन वर्षे आधीच केली होती, म्हणून पहिला मान कोणाचा यावर शल्यचिकित्सेचे इतिहासकार आजही हिरिरीने लिहितात. त्या वादात मला फारसे स्वारस्य नाही. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की टाळू दुभंगलेला प्रौढ माणूस खातो, पितो, कष्ट करतो. त्याचे अडते ते तोंड उघडून चार शब्द बोलताना. टाळू शिवायची ती मुख्यतः बोलण्यासाठी. असे असूनही गेल्या दोनशे वर्षांत या विषयावर जे लिहिले गेले, त्यात चीर कुठे द्यावी आणि टाका कसा घालावा यावर जितका खल झाला, त्याच्या मानाने शिवलेल्या टाळूतून पुढे कोणती भाषा बाहेर पडली याचा विचार थोडा झाला. इंग्रजी, स्वीडिश, डॅनिश अशा मोजक्या भाषांपुरता तो नेटाने झाला. मराठीपुरता तो अजून सुरुवातीच्या पायऱ्यांवर आहे.

या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. टाळूची शस्त्रक्रिया जगात कुठेही जवळपास सारखीच होते, पण तिचे यश मोजायचे असते ते त्या मुलाच्या भाषेत. मराठी बोलणाऱ्या मुलाच्या वाचेतले दोष ओळखायचे, मोजायचे आणि सुधारायचे, तर मराठीच्या ध्वनींचा, तिच्या व्याकरणाचा आणि तिच्या बोलींचा अभ्यास करूनच ते करावे लागेल. म्हणून या विषयावर कोणी पीएच.डी. करते तेव्हा ते काम विद्यापीठाच्या कपाटापुरते राहत नाही. रुग्णालयातल्या रोजच्या कामाला लागणारे साहित्यच त्यातून तयार होते. हे सांगावे लागते, कारण लोकांच्या मनातला या व्यंगाचा विषय ओठापाशी संपतो. जाहिरातींमध्ये शस्त्रक्रियेआधीचा आणि नंतरचा असे दोन चेहरे शेजारी शेजारी छापलेले असतात. २००९ साली ऑस्कर मिळवणारा ‘स्माइल पिंकी’ हा लघुपटही उत्तर प्रदेशातल्या एका मुलीच्या ओठाचीच कहाणी सांगतो. त्या लघुपटाने कितीतरी आईबापांना रुग्णालयाची वाट दाखवली, हे उपकार मान्यच आहेत. पण छायाचित्राला आवाज नसतो. ओठ बाहेरून दिसतो, टाळू दिसत नाही, आणि ओठ शिवला की मूल ‘बरे झाले’ असे सगळे गाव म्हणते. ते मूल शाळेत जाऊ लागते, तेव्हा कुठे वर्गातली पोरे त्याला ‘गेंगाण्या’ म्हणून हाक मारू लागतात.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. गर्भ साधारण सहा ते बारा आठवड्यांचा असताना टाळूच्या दोन बाजू मध्यरेषेवर येऊन जुळतात. ही जुळणी अर्धवट राहिली की टाळू दुभंगते. ओठ आणि टाळू यांचे मिळून हे व्यंग जगभरात सरासरी सातशे जन्मांमागे एकात दिसते, म्हणजे ते दुर्मीळ मुळीच नाही. कारणे अनेक आणि गुंतलेली: आनुवंशिकता, गरोदरपणात घेतलेली अपस्माराची काही औषधे, धूम्रपान, पोषणातली उणीव. (ग्रहणात विळीला हात लावला म्हणून आईला दोष देणारी घरे अजून आहेत, ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.) निरोगी मृदू टाळू ही एक हलती झडप असते. तिच्यातले टाळू उचलणारे स्नायू दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये एकमेकांत मिसळतात आणि झोळीसारखे काम करतात. आपण ‘प’ किंवा ‘स’ म्हणतो तेव्हा ही झोळी टाळूला वर आणि मागे ओढून घशाच्या मागच्या भिंतीला टेकवते, नाकाची वाट बंद होते आणि तोंडात हवेचा दाब साठतो. दुभंगलेल्या टाळूत हे स्नायू मध्ये भेटतच नाहीत. ते पुढे सरकून कठीण टाळूच्या मागच्या कडेला चिकटलेले असतात. म्हणून चांगला शल्यचिकित्सक नुसती फट बुजवत नाही, तर ते स्नायू सोडवून, वळवून योग्य जागी जोडतो. काही मुलांत वरचे अस्तर अखंड असते आणि फक्त आतले स्नायू फाकलेले असतात. अशा मुलाच्या तोंडात पाहून डॉक्टरही फसतात. दुभंगलेली पडजीभ एवढीच खूण दिसते, कधी तीही नीट दिसत नाही, आणि मूल बोलू लागल्यावरच कोणाला तरी शंका येते. म्हणजे इथे निदानाचे पहिले साधन कान हेच असते.

आता आपली वर्णमाला समोर ठेवा. क, च, ट, त, प या पाच ओळी घशाकडून ओठांकडे येतात, आणि प्रत्येक ओळीतला पाचवा वर्ण नाकातून उच्चारला जातो. ज्यांनी ही मांडणी केली त्यांनी मुखातल्या जागा आणि नाकाची वाट यांचा किती बारीक विचार केला होता, हे वाचादोषांचा अभ्यास करताना नव्याने जाणवते. टाळूची झडप बंद होत नाही तेव्हा पहिले चार रकाने पाचव्याकडे घसरतात. ‘ब’ म्हणायला जावे तर हवा नाकातून निसटते आणि ‘म’ ऐकू येतो. मूल ‘बाबा’ म्हणते आणि ऐकणाऱ्याला ‘मामा’ वाटते. ‘दार’ ‘नार’ होते, ‘डाळ’ ‘नाळ’ होते. उलट ‘आई’, ‘मामी’, ‘नाही’ हे शब्द मात्र बऱ्यापैकी ओळखू येतात, कारण त्यांना तोंडातला दाब लागत नाही. लहान मुलाचे पहिले शब्द नेमके याच कुळातले असल्यामुळे घरच्यांना पहिली दोन वर्षे काही बिघडले आहे असे वाटतच नाही. पण नाकातला स्वर हा दोषाचा निम्माच भाग झाला. हवा पुढे टिकत नाही असा अनुभव आलेले मूल ती मागेच, झडपेच्या अलीकडे, अडवायला शिकते. ‘क’च्या, ‘ट’च्या, ‘प’च्या जागी ते स्वरयंत्रापाशी हवेला एक झटका देते, ‘स’च्या जागी घशातून घासणारा आवाज काढते. हा आळस किंवा हट्ट नसतो, हाती असलेल्या अवयवांतून त्या मुलाने काढलेली ती वाट असते. अडचण अशी, की एकदा ही सवय मेंदूत बसली की पुढे टाळू उत्तम शिवली तरी ती आपोआप जात नाही. टाके वाळतात आणि ‘क’ घशातच राहतो. जोडीला कानाचे दुखणे असते: टाळूचेच स्नायू मध्यकर्णाची नळी उघडत असल्यामुळे या मुलांच्या कानात पाणी साचते आणि ऐन भाषा शिकण्याच्या वयात त्यांना कमी ऐकू येते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो बहुधा शल्यचिकित्सकांकडूनच येतो. शस्त्रक्रिया वेळेवर आणि नीट झाली तर वाचेचा प्रश्न उरतोच कुठे? आक्षेपात तथ्य आहे, म्हणून त्याला पुराव्यानेच उत्तर द्यायला हवे. शस्त्रक्रिया सहाव्या महिन्यात करावी की बाराव्या, या प्रश्नावर युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या २३ केंद्रांनी मिळून ५५८ बाळांची एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०२३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. ही मुले पाच वर्षांची झाल्यावर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून तपासले, तेव्हा सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८.९ टक्के मुलांची आणि बाराव्या महिन्यात झालेल्यांपैकी १५ टक्के मुलांची झडप बोलण्यासाठी अपुरी ठरली. लवकर केलेली शस्त्रक्रिया बरी, हा निष्कर्ष सर्वांनी उचलून धरला. मला त्यातल्या आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्याशा वाटतात. एक, निवडक मुले, अनुभवी हात आणि नियमित तपासणी असूनही चांगल्या गटातल्या दर अकरा मुलांमागे सुमारे एक मूल मागे राहिलेच. दुसरी, यशापयशाचा निवाडा झाला तो पाच वर्षांच्या मुलाचे बोलणे ऐकून. टाळूचे छायाचित्र पाहून तो कोणी केला नाही. आपल्याकडे खेड्यापाड्यांतली कितीतरी मुले दोन वर्षांची, कधी पाच-सात वर्षांची झाल्यावर प्रथम शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचतात. तोवर चुकीच्या सवयी पक्क्या झालेल्या असतात. म्हणजे शस्त्रक्रिया सुधारल्याने वाचेच्या अभ्यासाची गरज संपत नाही. ती सुधारली की नाही हे कळण्यासाठीच हा अभ्यास लागतो.

दुसरा आक्षेप जास्त चिवट आहे. जगभरच्या तज्ज्ञांनी तपासणीच्या पद्धती बसवल्या आहेत, त्या भाषांतरित करून वापराव्यात. मराठीसाठी वेगळा खटाटोप कशाला? याचे एक उत्तर खुद्द त्या तज्ज्ञांनीच देऊन ठेवले आहे. वेगवेगळ्या भाषांतली मुले एकमेकांशी ताडून पाहता यावीत म्हणून २००८ साली हेनिंग्सन आणि सहकाऱ्यांनी जी समान चौकट सुचवली, तिच्यात प्रत्येक भाषेने आपापल्या ध्वनींतून चाचणीचे शब्द आणि वाक्ये निवडावीत असेच गृहीत धरलेले आहे. वर उल्लेखलेली चाचणी ब्रिटन, डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि ब्राझीलमध्ये झाली. या देशांच्या पाच मुख्य भाषांपैकी एकीतही ‘घ’, ‘झ’, ‘ध’, ‘भ’ असे घोष महाप्राण नाहीत. मराठी मुलाला ‘बात’ आणि ‘भात’ यांतला फरक दाखवायला तोंडातला दाबही सांभाळावा लागतो आणि श्वासाचा झोतही. ज्याची हवा आधीच नाकातून निसटते आहे, त्याला हे कितपत जमते, आणि न जमल्यास तो त्याऐवजी काय करतो? मूर्धन्य वर्णांसाठी जीभ वळून जिथे टेकते तो तोंडाचा पुढचा भाग शस्त्रक्रियेनंतर कधी अरुंद झालेला असतो, कधी तिथे छोटे भोक उरलेले असते; तेव्हा ‘ट’ आणि ‘त’ यांचे वेगळेपण टिकते का? ‘चार’ मधला ‘च’ आणि ‘चारा’ मधला ‘च’ आपण लिहितो एकसारखे आणि बोलतो वेगळे. हा भेद या मुलांत कोणत्या वयात येतो? इंग्रजी चाचणीचे भाषांतर करून यातला एकही प्रश्न विचारता येत नाही, कारण तिथे हे प्रश्नच नाहीत.

भाषेची अडचण वर्णांपाशी थांबत नाही, ती व्याकरणात शिरते. नाकातून हवा किती जाते हे मोजण्यासाठी मुलाकडून अशी वाक्ये म्हणवून घ्यावी लागतात ज्यांत एकही अनुनासिक वर्ण नाही. मराठीत बसून अशी वाक्ये रचून पाहा. ‘मी’, ‘माझा’, ‘आम्ही’, ‘आपण’ गेले, म्हणजे मुलाला स्वतःबद्दल बोलताच येत नाही. ‘नाही’, ‘नको’, ‘नव्हता’ गेले, म्हणजे नकारच संपला. ‘ने’ लावून होणारी वाक्ये गेली. उरतात ती ‘बाबा भाजी कापतात’, ‘ती पाटीवर चित्र काढते’ अशी तिसऱ्या माणसाची होकारार्थी वाक्ये. ती पाच वर्षांच्या मुलाला सहज वाटतील, चित्र पाहून त्याच्या तोंडून आपोआप निघतील अशी शोधणे हे चिकाटीचे काम आहे. इंग्रजीत मुलाला साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणायला सांगण्याची रूढ पद्धत आहे. मराठीत तर साठपासून अडुसष्टपर्यंत एकही अनुनासिक नाही आणि ‘ष्ट’सारखे दाबाचे जोडाक्षर पुन्हा पुन्हा येते, म्हणजे चाचणीसाठी हे आकडे आयतेच. पण अंगणवाडीतल्या मुलाला त्रेसष्ट येत नाही. शाळेतल्या मुलाचेही पुन्हा बघावे लागेल, कारण २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आलेल्या संख्यावाचनाप्रमाणे ते मूल ‘साठ दोन’, ‘साठ तीन’ म्हणू लागले तर तिथे ‘न’ हजर. या बदलावरून उठलेल्या वादाच्या वेळी जोडाक्षरे बोजड की संस्कृतीचा ठेवा यावर पुष्कळ शाई खर्च झाली. वाचाउपचाराच्या खोलीत त्याचा काय परिणाम होईल, हे कोणाच्या ध्यानात येण्याचे कारणही नव्हते.

आणि मराठी म्हणजे तरी कोणती मराठी? हा तिसरा आक्षेप, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो संशोधकालाच सावध करतो. वऱ्हाडात ‘डोळा’ ‘डोया’ होतो. राज्याच्या कितीतरी भागांत ‘पाणी’ ‘पानी’ आहे, ‘शेत’ ‘सेत’ आहे. आता कल्पना करा, पुण्यामुंबईत शिकलेली वाचाउपचारतज्ज्ञ प्रमाण उच्चारांची यादी घेऊन अकोल्याच्या मुलाला तपासते आहे. ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही, ‘श’ नाही: तिच्या कागदावर तीन दोष चढतात. मुलाच्या आईच्या, आजीच्या, शेजारपाजाऱ्यांच्या तोंडी हेच उच्चार आहेत, म्हणजे यातला एकही दोष टाळूचा नाही. अशा नोंदींवर उपचार ठरला तर मूल महिनोन्महिने अशा गोष्टीवर मेहनत करत राहील, जी त्याच्या घरात कोणीच बोलत नाही. आणि ‘क’च्या जागी घशातून येणारा झटका, जो कोणत्याच बोलीत नाही, तो मागे पडेल. बोली अनेक म्हणून अभ्यास अशक्य आहे, असे यातून निघत नाही. टाळू दुभंगलेल्या प्रत्येक मुलामागे त्याच गावातले, त्याच वयाचे, धडधाकट टाळूचे मूल तुलनेला घ्यायचे, म्हणजे बोली कोणती आणि विकार कोणता हे वेगळे करता येते. हे खर्चिक आहे आणि संथ आहे. पण हे टाळून काढलेले आकडे मुलाबद्दल कमी आणि तपासणाऱ्याच्या बोलीबद्दल जास्त सांगतात.

अभ्यासाअभावी काय चालते याचे ठळक उदाहरण म्हणजे फुगे. शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला फुगे फुगवायला लावा, शिट्टी वाजवू द्या, नळीने पाण्यात बुडबुडे काढू द्या, म्हणजे टाळूला बळ येईल, असा सल्ला आजही सर्रास दिला जातो. आईबाप तो मनोभावे पाळतात. तो ऐकायला पटतो, यातच त्याचा धोका आहे. फुंकताना टाळू ज्या पद्धतीने हलते आणि बोलताना ज्या पद्धतीने हलते, त्यांत फरक आहे. फुंकण्याच्या व्यायामाने बोलताना झडप बंद होऊ लागते असा पुरावा संशोधनातून मिळालेला नाही. जिथे टाळू आखूडच पडली आहे तिथे पुन्हा शस्त्रक्रिया लागते. जिथे सवय चुकीची आहे तिथे वर्णाची योग्य जागा शिकवावी लागते, आधी सुटा वर्ण, मग अक्षर, मग शब्द, मग वाक्य, आणि यासाठी त्या भाषेतले नेमके शब्द हाताशी असावे लागतात. फुग्यांत गेलेले वर्ष परत मिळत नाही. या दोन कारणांमध्ये भेद करणे, म्हणजे मूल बांधणीमुळे अडले आहे की सवयीमुळे हे सांगणे, हेच या शाखेतले सर्वांत कसबाचे काम. त्यासाठी नाकातून दुर्बीण घालून झडपेची हालचाल पाहता येते, यंत्राने नाकातल्या आवाजाचे प्रमाण मोजता येते, तरी शेवटचा शब्द सरावलेल्या कानाचाच असतो. आणि कान चुकतात. म्हणून एकच ध्वनिमुद्रण एकाहून अधिक तज्ज्ञांनी, मूल कोणाचे आणि शस्त्रक्रिया कधी झाली हे न कळता ऐकायचे, त्यांचे एकमत किती ते मोजायचे, ही शिस्त चांगल्या प्रबंधाला पाळावी लागते. ज्याचे कान मराठी नाहीत त्याला महाप्राणातली सूक्ष्म चूक ऐकूच येणार नाही, हेही ओघाने आलेच.

शेवटचा आक्षेप पैशाचा आणि माणसांचा. जिथे जिल्ह्यात एखादाच वाचाउपचारतज्ज्ञ मिळतो, तिथे संशोधनाची चैन कशाला, आधी माणसे नेमा. माणसे नेमलीच पाहिजेत. नायर रुग्णालयात १९६० च्या दशकापासून आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत १९८३ नंतर या विषयाचे शिक्षण सुरू झाले असले, तरी शहरांबाहेर हे लोक फार थोडे पोहोचले आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशभरची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये झाली आणि दुभंगलेले ओठ व टाळू त्याच्या यादीत पहिल्यापासून आहेत; मूल सापडते, शस्त्रक्रियेपर्यंत जाते, पण पुढच्या दोन-तीन वर्षांच्या वाचाउपचारासाठी आठवड्याला तालुक्याहून शहरात येणे मजुरी बुडवणाऱ्या बापाला परवडत नाही. तमिळनाडूत तिरुवन्नामलई आणि कडलूर या जिल्ह्यांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून हा उपचार घराजवळ नेण्याचे प्रयत्न झाले आहेत. तसे काही इथे करायचे ठरले, तर पहिला प्रश्न येतो: आशाताईच्या हातात द्यायचे काय? कोणती चित्रे, कोणते शब्द, कोणत्या क्रमाने, कोणता उच्चार बोलीचा म्हणून सोडून द्यायचा आणि कोणता ऐकताच शहरात पाठवायचे? ही सामग्री संशोधनातून येते. माणसे थोडी असतात तेव्हा त्यांच्या हातातले साधन अचूक असणे अधिकच गरजेचे होते, म्हणून संशोधन आणि नेमणुका यांत ‘आधी कोण’ हा वाद मला खोटा वाटतो.

अशा संशोधनाच्या काही मर्यादाही वाचकाने आधीच जाणून घ्याव्यात. प्रबंधाला चार-पाच वर्षे मिळतात आणि टाळू दुभंगलेल्या मुलाची वाचा पूर्ण घडायला पंधरा लागतात. मधल्या काळात जबडा वाढतो, घशातल्या गाठी आक्रसतात, दात सरळ केले जातात, आणि झडपेचे गणित पुन्हा बदलते. एका प्रबंधात मावतो तो या प्रवासाचा एखादा टप्पा. मुलांची संख्या थोडी असते, त्यांच्यातले भेद मोठे असतात. आकड्यांच्या तक्त्यांतून सरसकट निष्कर्ष काढण्याचा मोह वाचकाने टाळावा, आणि लेखकानेही.

महाराष्ट्रात आज ज्या रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया होते, त्यांना एक विनंती करून थांबतो. प्रत्येक मुलाचे शस्त्रक्रियेआधीचे आणि नंतरचे छायाचित्र आपण काढताच. त्याच कागदपत्रांत पालकांच्या लेखी संमतीने त्याच्या बोलण्याची पाच मिनिटांची ध्वनिफीत, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या वर्षी, मूल कोणती बोली बोलते याच्या नोंदीसह जपून ठेवा. त्यासाठी साधा ध्वनिमुद्रक आणि एक शांत खोली पुरते, आणि पुढच्या संशोधकाला मराठी मुलांचा आवाज शून्यापासून गोळा करावा लागणार नाही.